खाटकाचा पोर, गुलामाची साक्ष

१८७४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटनं एक छोटासा कायदा केला. दुसऱ्याचं सोंग घेऊन, किंवा मेलेल्या माणसाचा मी वारस, मी त्याची विधवा, मी त्याचा नातेवाईक असं खोटं सांगून जो कोणी जमीनजुमला, पैसाअडका लाटायला बघेल त्याला सक्तमजुरी. किती? जन्मभर.

एवढा जालीम कायदा कशापायी? एका खाटकापायी.

दोस्तांनो, हा टिचबोर्नचा खटला. सांगणारे तो गंमत म्हणून सांगतात. ऑस्ट्रेलियातला एक दिवाळखोर खाटीक उठतो, विलायतेला येतो आणि म्हणतो मी तुमचा बुडालेला जमीनदार. त्याचं वजन अठ्ठावीस स्टोन, म्हणजे पावणेदोनशे किलोच्या वर. त्याला धड फ्रेंच येत नाही, आणि खरा वारस तर पॅरिसमध्ये वाढलेला. लोक हसतात. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. मग त्याच गोष्टीत मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असलेला एक काळा म्हातारा दिसला आणि हसू आतल्या आत जिरलं. त्या म्हाताऱ्यासाठी हे सगळं लिहितोय. पण त्याच्यापर्यंत जायचं तर आधी कायद्याच्या गल्लीतून जावं लागेल.

खोटा वारसा सांगणाऱ्याला मालकांनी कधीच सोडलेलं नाही. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात खोटं मृत्युपत्र बनवलं तर फाशी होती. खोटा कर्जरोखा केला तरी फाशी. १८३२ साली पार्लमेंटला थोडी दया आली. बहुतेक बनावट कागदांवरची फाशी उठवली. पण दोन गोष्टींवरची ठेवली, त्यातली एक म्हणजे खोटं मृत्युपत्र. ती १८३७ ला गेली. म्हणजे दया करतानाही त्यांनी तिजोरीच्या किल्ल्या आधी मोजून घेतल्या.

हाच कायदा गोऱ्यांनी बोटीत घालून कलकत्त्याला आणला. नंदकुमार नावाचा बंगालचा बडा असामी. त्यानं वॉरन हेस्टिंग्जवर लाचखाऊपणाचा आरोप केला. थोड्याच दिवसांत नंदकुमारवरच फिर्याद उभी राहिली : बुलाकीदास नावाच्या मेलेल्या सावकाराचा खोटा रोखा दाखवून त्याच्या इस्टेटीतून पैसे उचलले. चीफ जस्टिस इम्पेच्या कोर्टात खटला चालला आणि ५ ऑगस्ट १७७५ ला नंदकुमार फासावर गेला. रोखा खरा की खोटा यावर विद्वान अजून भांडतात. भांडोत. ज्या मुलखात असल्या गुन्ह्याला कधी फाशी नव्हती, तिथं लंडनच्या सावकारांसाठी केलेला कायदा एका माणसाच्या गळ्यात बसवला, हे मात्र कोणी नाकारत नाही.

आणि आपल्या पुण्याला दुसऱ्याच वर्षी काय झालं? पानिपतात १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडला. तो मेला हे त्याच्या बायकोनं, पार्वतीबाईनं, मानलंच नाही. १७८३ ला मरेपर्यंत ती सवाष्ण म्हणून राहिली. बाईच्या अशा आशेच्या आडोशाला एक माणूस उभा राहिला, मीच भाऊ म्हणाला, फौज जमवली, किल्ले घेतले. १७७६ ला पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी त्याला पकडून मारला. मराठीत 'तोतया' म्हटलं की पहिला आठवतो तो हाच. बुडालेला माणूस, त्याची वाट बघणारी बाई, आणि मधे येऊन उभा राहणारा तिसरा. टिचबोर्नच्या गोष्टीतही हीच तीन माणसं आहेत. फक्त तिथं वाट बघणारी आई आहे.

आता ती गोष्ट.

इंग्लंडच्या दक्षिणेला हँपशायर. तिथं टिचबोर्न नावाचं गाव, त्याच नावाचं घराणं. जुने कॅथलिक जमीनदार, बॅरोनेट ही पिढीजात पदवी, बापामागं थोरल्या पोराला मिळणारी. इस्टेटीचं उत्पन्न वर्षाला वीस हजार पौंडांच्या घरात. या घरातला रॉजर १८२९ ला पॅरिसमध्ये जन्मला. आई फ्रान्सात वाढलेली. सोळा वर्षांचा होईपर्यंत पोरगा तिकडंच राहिला. मग इंग्लंडात शाळा, थोडे दिवस पलटण. चुलत बहिणीवर, कॅथरिनवर, जीव बसला, घरच्यांनी नाही म्हटलं. १८५३ ला तो दक्षिण अमेरिकेला निघून गेला. एप्रिल १८५४ मध्ये रिओहून 'बेला' नावाच्या जहाजावर चढला. जहाज जमैकाला जाणार होतं. समुद्रात उलटी झालेली एक होडी सापडली, माणूस एकही नाही.

जमैका हे नाव लक्षात ठेवा. त्या घराण्याचा पैसा आणि माणसं या बेटाशी कशी बांधलेली होती ते पुढं येईल.

आईनं मानलं नाही. एका ज्योतिषी बाईनं सांगितलं, पोरगा जिवंत आहे. बेलाच्या काही लोकांना ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या जहाजानं उचललं अशी वदंता होती. १८६२ ला नवरा मेल्यावर तिला अडवणारं कोणी उरलं नाही. तिनं पेपरात जाहिराती दिल्या. १८६५ ला सिडनीच्या एका माणसानं त्याच जाहिराती ऑस्ट्रेलियाच्या पेपरांत छापल्या. मोठं बक्षीस. वॉगा वॉगा नावाच्या आडगावात एका वकिलाला वाटलं, आपल्याकडं दिवाळं काढायला आलेला खाटीक टॉम कास्ट्रो, जो बुडालेल्या जहाजाबद्दल आणि इस्टेटीबद्दल काहीबाही बोलतो, ज्याच्या चिलमीवर आर. सी. टी. अशी अक्षरं कोरलीत, तोच तर हा नाही?

वकिलानं त्याला मृत्युपत्र करायला लावलं. त्यात त्यानं स्वतःच्या आईचं नाव लिहिलं, हॅना फ्रान्सिस. खऱ्या आईचं नाव हेन्रिएट फेलिसिते. आईचं नाव चुकलं तरी गाडी पुढं गेली, कारण गाडीत बसायला सगळ्यांनाच घाई होती. वकिलाला फी हवी, सावकाराला व्याज हवं, आईला पोरगा हवा.

आईनं पैसे धाडले. १८६६ च्या नाताळला तो लंडनला उतरला आणि त्याच संध्याकाळी कुठं गेला? वॅपिंगला, गोदीच्या कामगारवस्तीत, ऑर्टन नावाच्या खाटकाच्या घराची चौकशी करत. या एका संध्याकाळीनं पुढं त्याचा घात केला. जानेवारीत पॅरिसच्या एका हॉटेलात तो आजारी म्हणून भिंतीकडं तोंड करून पडला होता. आई आली, बघितलं, म्हणाली हाच माझा रॉजर. त्याला वर्षाला हजार पौंड बांधून दिले. त्याला जुन्या गोष्टी आठवत नाहीत असं कोणी म्हटलं तर ती म्हणे, तो स्वप्नात असल्यासारखा सगळं गोंधळून टाकतो. १८६८ ला ती मेली. आईची साक्ष आईबरोबर पुरली गेली.

बाकीचं घराणं पेटलं, कारण धाकटा भाऊ आल्फ्रेड १८६६ ला मेला होता आणि त्याचं पोर बापाच्या मरणानंतर जन्मलं होतं. इस्टेट त्या तान्ह्याच्या नावावर. खाटीक खरा ठरला तर तान्ह्याचं सगळं गेलं.

इथं मी गोष्ट थांबवून त्या घराण्याची एक दंतकथा सांगतो, कारण शिक्षेचा विषय तिच्याशिवाय पुरा होत नाही. बाराव्या शतकात म्हणे त्या घरची एक बाई, मेबेला, मरणाला टेकली होती. तिनं नवऱ्याला सांगितलं, गोरगरिबांना दरवर्षी धान्य वाटायला थोडी जमीन लावून दे. नवऱ्यानं चुलीतलं पेटतं लाकूड काढलं आणि म्हणाला, हे जळतंय तोवर जेवढ्या जमिनीला वळसा घालशील तेवढी गरिबांची. बाईला चालता येत नव्हतं. ती रांगली. तेवीस एकर रांगली. आणि मरताना शाप दिला, हे दान बंद कराल तर सात पोरं होतील, मग सात पोरी होतील, नाव बुडेल. शेकडो वर्षं दान चाललं. १७९६ साली मालकांनी बंद केलं. कारण? भिकारी आणि उडाणटप्पू लोक गोळा होतात. जवळजवळ चाळीस वर्षं बंद होतं. पुढं खरंच सात पोरी झाल्या, तेव्हा मालक घाबरले आणि १८३५ च्या सुमारास दान पुन्हा सुरू केलं.

बघा. गरिबाच्या नावानं लागलेला दाणा चाळीस वर्षं कापला, हाही वारसाच लाटणं झालं. त्याला कुठलं कलम? शाप. आणि मालकाच्या दाण्याला हात लावला तर? सक्तमजुरी. मालकासाठी दैवी न्याय, आपल्यासाठी सरकारी.

आता तो म्हातारा.

अँड्र्यू बोगल. जन्म १८०६ च्या सुमाराचा, जमैकात, होप नावाच्या मळ्यावर. जन्मानं गुलाम. होपचा मळा लग्नातून आणि वारशातून फिरत फिरत बकिंगहॅमच्या ड्यूकच्या घराण्याकडं गेला होता. मळा गेला म्हणजे ऊस गेला, बैल गेले, माणसंही गेली. गुलामांच्या बेटावर कायदा असा, की आई गुलाम तर लेकरू गुलाम. बाप कोण ते विचारायचंच नाही. आईचं दास्य हा लेकराचा वारसा. आणि हा वारसा कधी कोणी खोटा सांगितल्याचं ऐकलं नाही, तो सांगायला कोणाला शपथ घ्यावी लागली नाही.

या मळ्यावर ड्यूकचा कारभारी म्हणून होता एडवर्ड टिचबोर्न. रॉजरचा चुलता, कॅथरिनचा बाप. १८२० च्या दशकात इंग्लंडला परतताना त्यानं बोगलला नोकर म्हणून बरोबर आणलं. बोगलनं त्या घराची सेवा केली एडवर्ड मरेपर्यंत, म्हणजे १८५३ पर्यंत. रॉजर घरी यायचा जायचा तेव्हा बोगल तिथं होता. एडवर्डमागं त्याला वर्षाला पन्नास पौंड पेन्शन लागलं आणि तो बायकापोरांना घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला.

१८६६ ला सिडनीत बोगल त्या माणसाला भेटायला गेला. त्या माणसानं बोगलला ओळखलं, बोगलनं त्याला. बोगल त्याच्याबरोबर बोटीत बसून इंग्लंडला आला. घराण्याला हे कळलं तशी त्यांनी पेन्शन तोडली. साठीच्या माणसाचे वर्षाचे पन्नास पौंड. बोगलला एवढंच म्हणायचं होतं : मी चुकलो, हा तो नव्हे. पेन्शन परत चालू झालं असतं की नाही माहीत नाही, पण रस्ता तोच होता. तो म्हणाला नाही. मरेपर्यंत म्हणाला नाही.

आता आपले हुशार लोक विचारतील, अरे पण बोगल चुकला होता ना? बहुतेक चुकला होता. मी काही तो खाटीक खरा वारस होता असं म्हणत नाही. रॉजरच्या हातावर गोंदवलेलं होतं, बदाम, क्रूस आणि नांगर, आणि शाळेतल्या दोस्तानं कोर्टात सांगितलं की त्यातलं काही मी स्वतः गोंदलं. या माणसाच्या हातावर काही नव्हतं. त्याला फ्रेंच येत नव्हतं. वॅपिंगचा आर्थर ऑर्टन, जॉर्ज ऑर्टन खाटकाचा धाकटा पोरगा, १८५२ ला ऑस्ट्रेलियाकडं गेलेला. त्याआधी जहाजावरून पळून चिलीत मेलिपिला गावी राहिलेला. तिथंच कास्ट्रो नावाच्या घरानं त्याला आसरा दिला होता. नाव कुठून आलं ते दिसतंय. पण चुकायचा हक्क तरी सगळ्यांना सारखा आहे का? रॉजरच्या पलटणीतल्या गोऱ्या शिपायांनीही त्याला ओळखला. एका खासदारानं ओळखला. सख्ख्या आईनं ओळखला. आई चुकली तर दुःखानं वेडी झाली म्हणायचं. खासदार चुकला तर भोळा. आणि बोगल चुकला तर? एक तर इमानी काळा कुत्रा, नाहीतर कटाचा सूत्रधार, त्यानंच खाटकाला घरातल्या सगळ्या गोष्टी पढवल्या. या दोहोंच्या मधे, स्वतःच्या डोळ्यानं बघून स्वतःच्या डोक्यानं ठरवणारा माणूस, ही जागा त्याच्यासाठी ठेवलेलीच नव्हती.

सरकारी बॅरिस्टर हॉकिन्सनं त्याची उलटतपासणी घेतली. बोगल म्हणत होता, रॉजरचा उघडा हात मी बघितलाय, गोंदण नव्हतं. कसा बघितला? पिसू चावली म्हणून त्यानं बाही वर केली तेव्हा. झालं. हॉकिन्स त्या पिसवेच्या मागं लागला. कोर्ट हसलं. पुढं हा हॉकिन्स जज्ज झाला, लॉर्ड झाला, त्यानं आठवणी लिहिल्या आणि त्यात ही पिसवेची गंमत चवीनं सांगितली. जमैकाच्या कोर्टात गुलामाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालतच नसे. लंडनच्या कोर्टात चालली. हसण्यावारी चालली.

फौजदारी खटला चालू होता ते साल १८७३. त्याच साली इकडं पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेत गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना. दोघांना एकमेकांची खबर असायचं कारण नाही. तरी तारखा शेजारी ठेवून बघाव्या वाटतात.

खटले दोन झाले. पहिला दिवाणी, खाटकानंच लावलेला, इस्टेट माझी म्हणून. ११ मे १८७१ ला उभा राहिला, ६ मार्च १८७२ ला कोसळला. शंभराच्या वर दिवस. ज्युरी म्हणाली, आम्हाला आणखी पुरावा नको. जज्जानं तिथल्या तिथं त्याला खोट्या शपथेबद्दल धरायचा हुकूम केला. मागायला आलेला आरोपी झाला.

दुसरा खटला एप्रिल १८७३ पासून २८ फेब्रुवारी १८७४ पर्यंत, १८८ दिवस. चीफ जस्टिस कॉकबर्न आणि बरोबर दोन जज्ज. इथं त्याच्या बाजूनं बेलाच्या लोकांना आपल्या जहाजानं उचललं असं सांगायला ज्यां लुई नावाचा खलाशी आला. तो निघाला जुना कैदी. त्याला खोट्या साक्षीबद्दल सात वर्षं. आणि खाटकाला? ज्युरीला अर्धा तास पुरला. खोट्या शपथेला जास्तीत जास्त सजा सात वर्षांची. पण गुन्हे दोन धरले, एक दिवाणी खटल्यातल्या साक्षीचा, दुसरा चॅन्सरी कोर्टातल्या प्रतिज्ञापत्राचा. सात आणि सात, एकामागून एक, चौदा. दोन्ही सजा एकदम भोगायच्या की एकामागून एक, यावर पुढं हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत भांडण गेलं. १८८१ ला लॉर्डांनी सांगितलं, एकामागून एक बरोबर.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. या १८८ दिवसांत आरोपीला स्वतःच्या बचावात शपथेवर एक शब्द बोलायची मुभा नव्हती. इंग्लंडात आरोपीला तो हक्क १८९८ च्या कायद्यानं मिळाला. आणि ज्युरीत बसायला मालमत्तेची अट. म्हणजे मालमत्तेबद्दल खोटं बोललास का, हे ठरवणारे सगळे मालमत्तावाले, आणि ज्याच्याबद्दल ठरवायचं तो गप्प.

तरी तो साधू नव्हता हे पण लिहिलं पाहिजे, नाहीतर आपल्यात आणि भाटांत फरक काय? कॅथरिन आपल्यापासून गरोदर होती असं त्यानं कोर्टात शपथेवर सांगितलं. आपला दावा खरा दिसावा म्हणून एका लग्न झालेल्या बाईची अब्रू भर बाजारात टांगली. तिनं कोर्टात येऊन नाकारलं. ज्या खोट्या शपथांची सजा झाली त्यात हीही होती. या शपथेच्या सजेबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता कामगारांचं काय? दिवाणी खटला हरल्यावर खाटीक गावोगाव हिंडला. सभागृहं, नाटकगृहं, मैदानं भरून माणसं आली. पेन्या, शिलिंगं गोळा झाली. त्याच्या आधी त्यानं रोखे काढले होते, शंभर पौंडाचा एक, इस्टेट मिळाली की फेडीन म्हणून. हजार रोखे, त्यातून चाळीसेक हजार पौंड उभे राहिले. त्याचा वकील केनिली याला बॅरिस्टरांनी आपल्या पंगतीतून उठवलं. केनिलीनं स्वतःचा पेपर काढला, संघटना काढली आणि फेब्रुवारी १८७५ ला स्टोक या कुंभारकामाच्या कारखान्यांच्या शहरातून खासदार म्हणून निवडून आला. एप्रिलमध्ये त्यानं पार्लमेंटात ठराव मांडला, खटल्याची चौकशी करा. मतं पडली ४३३ विरुद्ध १. चार्टिस्ट चळवळ विझल्यापासून समाजवादी उठेपर्यंतच्या मधल्या काळात इंग्लंडातली गोरगरिबांची ही सगळ्यात मोठ्या चळवळींपैकी एक होती.

कामगार का गेले त्याच्या मागं? रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत मी हे दोघातिघांना सांगितलं तेव्हा एक जण लगेच म्हणाला, आपल्यातला वाटला असंल. खरंय. तो खाटकासारखा बोलायचा, खाटकासारखा खायचा. आणि खाटीक तिकडं जात नसली तरी जागा तीच, दाराबाहेरची. कामगार म्हणाले, हा जर खरा बॅरोनेट असेल, तर आपल्यासारखा राहिला म्हणून घरच्यांनी त्याला नाकारला. आणि खोटा असेल तरी कोर्टानं त्याला जसं तुडवलं तसं आपल्यालाच तुडवतात. न्यायाचं ते तोंड त्यांनी बरोबर ओळखलं.

पण त्यांनी मागितलं काय? हा बॅरोनेट व्हावा! केनिलीच्या संघटनेनं दर तीन वर्षांनी पार्लमेंटची निवडणूक घ्या असल्या मागण्याही जोडल्या होत्या, नाही असं नाही. पण पदर धरला टिचबोर्नचा. हजारो कामगारांनी आपल्या पोटाला चिमटा काढून शिलिंगं दिली ती एका माणसाला जमीनदार करायला. तान्ह्या पोराच्या नावावर एवढी जमीन का, हा प्रश्न बाजूला आणि ती जमीन तान्ह्याची की खाटकाची हा प्रश्न पुढं. मालकाच्या वाड्यासमोर लाखभर लोक उभे आणि घोषणा काय, तर मालक बदला. मला या ठिकाणी राग येतो आणि त्यांच्यावर राग धरवतही नाही.

या सगळ्या गर्दीचं सरकारनं उत्तर दिलं ते १८७४ च्या त्या कायद्यानं. खोटी शपथ मोजत बसायला नको. सात आणि सातची बेरीज नको. नुसतं वारस असल्याचं सोंग केलंस, लाटायच्या इराद्यानं केलंस, की जन्मभर.

आपल्याकडं मेकॉलेच्या पठडीतलं दंडविधान १८६० चं. खोटं मृत्युपत्र बनवलं तर ४६७ कलम, जन्मठेपेपर्यंत सजा. खोट्या साक्षीला सात वर्षं. कोर्टात जाणूनबुजून खोटा दावा लावला तर दोन वर्षं. १ जुलै २०२४ पासून दंडविधान गेलं, भारतीय न्याय संहिता आली. आकडे बदलले, मृत्युपत्राची जन्मठेप तशीच राहिली, तोतयेगिरीची सजा तीनाची पाच झाली. मी म्हणत नाही ही कलमं नकोत. आपल्यातल्याही कितीतरी विधवांच्या घरावर दिरानं खोटा अंगठा उठवलेला असतो, त्या बाईला याच कलमाचा आधार. फिर्याद नोंदवून घेतली तर.

पण कलम कुठून सुरू होतं ते बघा. वारसा म्हणजे काय, हे आधी ठरलेलं असतं. मनुस्मृतीनं लिहून ठेवलं, शूद्रानं धन साठवू नये, आणि ब्राह्मणानं शूद्राचं धन बेलाशक घ्यावं. म्हणजे आपल्या आजापणजाचं जे गेलं ती चोरीच नव्हती, तिला कलम कुठून असणार? आपल्याला वारशानं काय मिळालं? वतन. गावाची वेठ, सरकारी सांगावा, मेलेलं जनावर. त्याचा वारसा पिढ्यान् पिढ्या खरा. त्यावर कोणी तोतया आला नाही. मुंबई राज्याचा १९५८ चा कायदा झाला तेव्हा कुठं ते वतन कागदावरून उठलं. आणि आता, २०१२ पासून गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडती निघतायत, तर मेलेल्या कामगाराच्या पोराला मी त्याचाच पोर हे दाखवायला कागदावर कागद लावावे लागतात. तिकीट, पगारपत्रक, वारसाचा दाखला. बापानं तीस वर्षं साचा चालवला त्याची साक्ष साचा देत नाही.

बोगलच्या बेटाचं काय झालं तेही सांगतो. १८३३ ला इंग्लंडनं गुलामी उठवायचा कायदा केला आणि नुकसानभरपाई दिली, दोन कोटी पौंड. गुलामांना नव्हे, मालकांना. त्यांची मालमत्ता गेली म्हणून. गुलामांना एक पेनी नाही, उलट १८३८ पर्यंत उमेदवारीच्या नावाखाली त्यांच्याकडून फुकट राबवून घेतलं. या भरपाईसाठी सरकारनं जे कर्ज काढलं त्याची शेवटची फेड २०१५ साली झाली. म्हणजे जमैकातून लंडनला येऊन बस चालवणाऱ्या, इस्पितळात फरशी पुसणाऱ्या माणसांच्या कराच्या पैशातून त्यांच्याच आजापणजाच्या मालकांची भरपाई फिटत होती. हे सगळं कायदेशीर. शिक्के आहेत, सह्या आहेत, एकही सही खोटी नाही.

बोगल १८७७ ला लंडनमध्ये मेला, खाटीक तेव्हा तुरुंगात होता. खाटीक दहा वर्षं भोगून १८८४ ला सुटला. १८९५ ला पैशासाठी एका पेपरात कबूल केलं, मी ऑर्टन. लगेच कबुली मागं घेतली. १ एप्रिल १८९८ ला, आरोपीला बोलायची मुभा देणारा कायदा व्हायच्या काही महिने आधी, दारिद्र्यात मेला. प्रेतयात्रेला हजारो लोक. गरिबाची बेनिशाणी कबर, पण शवपेटीवर पाटी, सर रॉजर चार्ल्स डाउटी टिचबोर्न. घराण्यानं ती लावू दिली.

१९६८ साली टिचबोर्नचा शेवटचा बॅरोनेट मेला. त्याला मुलगे नव्हते, पदवी बुडाली. त्याच १९६८ साली इंग्लंडात चोरीचा नवा कायदा झाला आणि त्यानं १८७४ चा तो जन्मभर सक्तमजुरीचा कायदा रद्द केला. मेबेलाची तेवीस एकर जमीन अजून आहे. दर २५ मार्चला गावात पीठ वाटतात. मोठ्या माणसाला एक गॅलन, पोराला अर्धा.